साडेचारशे यार्डांच्या आत

काकांना कुठलाही प्रश्न विचारला की ते उत्तराच्या आधी अंतर विचारायचे. मी नवा शर्ट घालून वर गेलो आणि "काका, बरा दिसतो का?" म्हटलं, की "किती अंतरावरून?" काकूंनी स्वयंपाकघरातून आमटीचा रंग दाखवला, तरी हेच. "तिथून काय कळणार, इथे आण." सुरुवातीला मला याची गंमत वाटायची. पुढे राग यायला लागला. आता कुणी सहज "किती लांब आहे रे?" असं विचारलं तरी मी उत्तर द्यायचं टाळतो.

अमेरिकेत, श्रूजबरीला त्यांच्या घराच्या बेसमेंटमध्ये मी सहा वर्षं भाडेकरू होतो. वर्क व्हिसावर आलेला, तेहतीस वर्षांचा, नागपूरचा. नोकरी सॉफ्टवेअर टेस्टिंगची, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि त्यांची यादी करून पाठवायची. काकांना हे कळलं तेव्हा ते पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसले. तेही आयुष्यभर तपासनीसच होते. तरुणपणी पुण्याकडे दारूगोळ्याच्या कारखान्यात चार वर्षं काडतुसं तपासायला होते. हजारो काडतुसं त्यांच्या हाताखालून गेली आणि त्यांतलं एकही उडवायला मिळालं नाही. मग अमेरिकेत येऊन तीस वर्षं कसल्याशा व्हॉल्व्हची तपासणी केली. रिटायर झाल्या महिन्यात रायफलचं लायसन्स काढलं. काकू म्हणायच्या, "लोक रिटायर झाल्यावर चारधामला जातात. हे बंदुकीच्या दुकानात गेले."

गंमत अशी की काका पक्के शाकाहारी. अंडंही खात नसत. त्यांना खायचं काहीच नव्हतं, त्यांना एक एल्क मारायचा होता. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ, तीन क्विंटलांचं जनावर. तोही एका गोळीत, लांबून, आणि त्याला काही कळायच्या आत. मांस नेमबाजीच्या क्लबातल्या लोकांना वाटायचं, हेही ठरलेलं होतं. ठरत नव्हतं ते एकच. काडतूस कुठलं?

त्यांच्या गॅरेजच्या खिडकीत काडतुसं उंचीप्रमाणे उभी असत. काका त्यांच्याबद्दल उपवर मुलांबद्दल बोलावं तसं बोलायचे. प्रत्येकाची पत्रिका तयार, वेगाचे आणि वाऱ्याचे तक्ते जोडलेली. सिक्स-पॉइंट-फाइव्ह हे तरुण पोरांचं लाडकं. "स्वभावाने गरीब आहे रे, खांद्याला त्रास देत नाही. पण लांबवर गेलं की अंगात जोर राहत नाही. हरणासाठी ठीक, एल्कसाठी नको." थर्टी-ऑट-सिक्स घरंदाज, शंभर वर्षं जुनं, कुठल्याही खेड्यातल्या दुकानात मिळणारं, पण दूर जाता जाता फार खाली झुकणारं. थ्री-हंड्रेड मॅग्नमकडे जोर रग्गड, पण खांद्यावर असा दणका द्यायचं की दुसऱ्या वेळी माणसाचे डोळे चाप ओढायच्या आधीच मिटायचे. "दांडगोबा आहे. रोज कोण सोसणार याला?" असं करत चौदा वर्षं प्रत्येकात काही ना काही खोट निघत गेली.

काकूंनी एकदा पोळ्या लाटता लाटता मला ऐकवलं, "चौदा वर्षं एक गोळी निवडतायत. मला एका संध्याकाळी निवडलं होतं, कांदेपोहे खाता खाता." काका गॅरेजमधून ओरडले, "तेव्हा अंतर कमी होतं!"

हा सगळा छंद आहे असं मला वाटत होतं. एकदा मीच अगाऊपणा केला. इंटरनेटवर कुणी तरी हजार यार्डांवरून एल्क पाडल्याचा व्हिडिओ त्यांना दाखवला आणि म्हटलं, "काका, गोळी एवढी लांब जाते तर तुम्ही साडेचारशे यार्डांवर का अडून बसलाय?" त्यांनी तो व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिलासुद्धा नाही.

"गोळी मैलभर जाते. जाऊन काय करते ते विचार. वेग एका हद्दीच्या खाली गेला की ती आत उघडत नाही, फुलत नाही. सुईसारखी आरपार जाते. जनावर तसंच चालत निघून जातं आणि दोन दिवसांनी कुठल्या तरी झुडपात मरतं. हा माणूस व्हिडिओ अपलोड करतो, लाइक्स मोजतो. त्या जनावराचे दोन दिवस कोण मोजणार? तू?"

साडेचारशेचा आकडा त्यांनी हवेतून काढला नव्हता. न्यू हॅम्पशरमधल्या नेमबाजीच्या एका लांब रेंजवर दर महिन्याला जाऊन ते जेवणाच्या कागदी प्लेटवर पाच-पाच गोळ्या मारत. साडेचारशे यार्डांपर्यंत पाचपैकी पाच प्लेटमध्ये. त्यापुढे कधी चार. "पाचात चार म्हणजे एक जनावर लंगडत गेलं," ते म्हणायचे आणि विषय संपायचा. शेवटी सेव्हन एमएम मॅग्नमवर शिक्कामोर्तब झालं. साडेचारशेला पुरेसा वेग, आणि खांद्याला सोसवेल एवढाच दणका. त्या दिवशी काकूंनी शिरा केला, आणि काकांना त्यात काही गैर वाटलं नाही.

ही काडतुसं ते स्वतः भरत. गॅरेजमध्ये टेबलाला एक हातयंत्र घट्ट बसवलेलं होतं. पितळी नळीत तोलून बंदुकीची दारू घालायची, वर गोळी बसवायची, दांडा खाली ओढायचा. प्रत्येक काडतुसामागे दोन खटके. मी स्टुलावर बसून नुसता बघायचो, कारण व्हिसावरच्या माणसाने बंदुकीला सोडाच, काडतुसालाही हात लावणं कायद्यात बसत नाही. एकदा एक काडतूस घरंगळत माझ्या पायाशी आलं, मी उचलायला वाकलो, तर काका केवढ्याने तरी ओरडले. "हात लावू नको! डिपोर्ट व्हायचंय?" आणि सत्तरीला टेकलेला तो माणूस गुडघ्यांवर बसून माझ्या चपलेखालून काडतूस काढून घेऊन गेला.

त्यामुळे माझ्या वाट्याला वही आणि डोळे आले. रेंजवर मी मोठ्या दुर्बिणीशी बसायचो आणि वहीत लिहायचो. त्या वहीत अंतर आणि वारा यांच्यापुढे दोन रकाने होते, 'कॉल' आणि 'लागली'. गोळी सुटली की प्लेटकडे बघायच्या आधी, ती कुठे लागली असेल ते मारणाऱ्याने स्वतःच्या तोंडाने सांगायचं. त्याला कॉल म्हणायचं. चाप ओढला त्या क्षणी रायफलवरच्या दुर्बिणीतली फुली कुठे होती हे फक्त त्यालाच ठाऊक असतं. हात हलला असेल तर "उजवीकडे, दोन इंच" असं कबूल करायचं. मग मी बघून खरं काय ते लिहायचं. काकांना नेम चुकल्याचं दुःख नसायचं. कॉल चुकला की ते दिवसभर जेवत नसत.

त्यांचा वीस वर्षांचा एक मित्र होता, आमच्याच गल्लीतला निवृत्त प्लंबर. याच माणसाने काकांना रायफल धरायला शिकवलं होतं. एकदा रेंजवर त्याने गोळी मारली, पटकन माझ्या दुर्बिणीला डोळा लावला आणि मग म्हणाला, "लो, लेफ्ट." बरोबर होतं, अर्थातच. काकांनी माझ्या हातातून पेन्सिल घेतली, वही मिटली आणि इंग्रजीत एवढंच म्हणाले, "यू लुक्ड फर्स्ट." तो हसला. काका हसले नाहीत. नंतर त्या माणसाचं आमच्या घरी येणं बंद झालं. ख्रिसमसला त्याने केक पाठवला, तो काकूंनी घेतला. काका त्या दिवशी अंगणातला बर्फ काढत होते. प्लंबरने पलीकडून हात केला, आणि काकांनी फावडं नुसतं दुसऱ्या बाजूला वळवलं. मी हे सगळं खिडकीतून पाहिलं होतं. ते पाहिलं नसतं तर पुढे मी कदाचित बरा वागलो असतो. निदान तसं म्हणायला मला आवडतं.

बाहेरच्या राज्यातल्या माणसाला कोलोरॅडोत चांगल्या भागात एल्क मारायचा तर लॉटरी असते. दर वर्षी अर्ज करायचा, नाव नाही लागलं की एक पॉइंट जमा होतो, पॉइंट साठले की नंबर लागतो. माझी ग्रीन कार्डाची रांग आणि काकांची एल्कची रांग, दोन्ही वरच्या मजल्यावर चेष्टेचे विषय होते. चौदा वर्षांनी काकांचा नंबर लागला. "तू येतोस," ते म्हणाले. विचारलं नाही, सांगितलं. "तू अंतर वाचायचं. बाकी कशाला हात लावायचा नाही."

तीन दिवस गाडी हाणत आम्ही गेलो. बरोबर काकूंचा चिवडा, गुळपोळ्या आणि भाजणीचा डबा. तंबू ठोकला त्या जागी मला धाप लागत होती आणि डोकं दुखत होतं, पण समोर दरी अशी होती की मी तंबूची दोरी हातात धरून तिच्याकडेच बघत राहिलो. माझ्या गळ्यात रेंजफाइंडर होता. मुठीत मावणारं यंत्र, डोळ्याला लावून बटण दाबलं की समोरच्या वस्तूचं अंतर आकड्यात दाखवायचं. पहिल्या संध्याकाळी मी पलीकडच्या कड्याचं अंतर मोजलं. आकडा यार्डात आला, आणि मला यार्डात काही म्हणजे काही कळत नाही. शाळेत आमची शंभर मीटरची शर्यत असायची. अजूनही मी लांबी मनातल्या मनात त्या मैदानाने मोजतो. म्हणून मी बटण दाबून धरलं, यंत्र मीटरवर केलं, परत मोजलं आणि सहा मैदानं म्हणजे केवढं ते मनाशी जुळवून बघितलं. फार बरं वाटलं. कोपऱ्यात यार्डाच्या 'वाय'च्या जागी मीटरचा 'एम' आला होता, तांदळाच्या कणीएवढा. मग काकांनी थालीपिठासाठी हाक मारली आणि मी यंत्र तसंच पिशवीत टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला तो दिसला. पलीकडच्या उतारावर, आडवा, मान खाली घालून चरत होता. काका पोटावर झोपले, रायफल टेकवली, श्वास सावकाश केला. मी शेजारी गुडघ्यांवर होतो.

"अंतर?"

"चारशे अठरा."

"नक्की?"

"चारशे अठरा, काका."

त्यांनी रायफलच्या दुर्बिणीवरची अंतराची चकती चारशे अठराला फिरवली. स्वतः बघितलं नाही. ज्या कामावर दुसऱ्याची सही आहे त्यात नाक खुपसायचं नाही, हा त्यांचा तपासनिसाचा नियम होता. वारा नव्हता. आवाज झाला आणि काका रायफलवरून डोकंही न उचलता म्हणाले, "कॉल मध्य. अगदी मध्य."

मी दुर्बिणीतून बघत होतो. गोळी छातीच्या तळाशी, पुढच्या पायाच्या मुळाशी लागली होती. एल्क खाली बसला, मग तीन पायांवर उठला आणि काका दुसरी गोळी मारायच्या आत झाडीत शिरला. "खाली," मी म्हटलं. "खूप खाली लागली." काकांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "अंतर किती म्हणालास?" मी परत म्हटलं, "चारशे अठरा."

अंधार पडेपर्यंत आम्ही रक्तामागे फिरलो. आधी पानापानावर होतं, मग दगडागणिक एक थेंब, मग नुसतीच माती खरवडलेली. उतरत्या उन्हात समोर एक वठलेलं झाड होतं, ते किती लांब आहे बघावं म्हणून मी यंत्र डोळ्याला लावलं आणि कोपऱ्यातला एम दिसला. चारशे अठरा मीटर म्हणजे चारशे सत्तावन्न यार्ड. गोळी आठ-नऊ इंच खाली का गेली ते तिथल्या तिथे कळलं. त्याहून वाईट म्हणजे चारशे सत्तावन्न हा आकडा ऐकला असता तर काकांनी चापावरून बोट काढून घेतलं असतं. तो एल्क चरत राहिला असता.

काका माझ्यापासून दहा पावलांवर, ओणवे होऊन गवत चाचपत होते. त्याच वेळी सांगायला हवं होतं. माझ्या डोळ्यांसमोर प्लंबर आला, केक आला, ते फावडं आलं. मी यंत्र पिशवीत ठेवलं.

उद्या गुपचूप यार्डावर करून ठेवू, असं ठरवून सकाळी यंत्र काढलं, तर ते आधीच यार्डावर होतं. मला काय वाटलं असेल? आनंद झाला! म्हणजे मला भासच झाला असेल, थकलो होतो, डोकं दुखत होतं. दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा पगार घेणारा मी, माझ्या चुकीला मात्र इतक्या स्वस्तात सोडलं.

तिसऱ्या दिवशी बर्फ पडलं आणि शोध संपला. जनावर हाती आलं की परवान्याच्या कागदावर खाच पाडायची असते. काकांनी जनावर नसताना पाडली. "रक्त काढलं. परवाना संपला," म्हणाले. चौदा वर्षं तिथे संपली. परतीचे तीन दिवस ते चिवड्याला शिवले नाहीत.

पुढे चार वर्षं आम्ही एकाच घरात राहिलो. त्या चार वर्षांत काकांनी मला किती वेळा विचारलं असेल! तक्ता पुढे ओढून, सहज बोलल्यासारखं, "काडतूस चुकलं असेल का रे आपलं?" मी म्हणायचो, "असेल, काका." कधी म्हणायचे, "वारा असेल का? तुला काही जाणवला होता?" मी म्हणायचो, "दरीत असतो ना वारा, कळत नाही." एकदा तर मी कॉम्प्यूटरवर रंगीत आलेख काढून नेला आणि थ्री-हंड्रेड मॅग्नमच घ्यायला हवं होतं हे त्यांना पटवायला बसलो. माझ्या खोटेपणाला कुठे लाजच उरली नव्हती. ते तो आलेख बराच वेळ बघत राहिले. "छान काढलायस," म्हणाले.

मला पश्चिम किनाऱ्यावर, फ्रीमाँटला नोकरी लागली. शेवटच्या रविवारी काकूंनी पुरणपोळ्या केल्या. जेवण झालं, काकू आवरायला आत गेल्या आणि मी एकदाचं म्हणून टाकलं, "काका, कोलोरॅडोत रेंजफाइंडर मीटरवर होता. मी केला होता आदल्या दिवशी. परत करायला विसरलो."

काकांनी हात पुसले. "माहीत आहे."

"कधीपासून?"

"त्याच संध्याकाळी. तू स्टोव्ह पेटवत होतास. तंबूपासून गाडीपर्यंत मी पावलं मोजलेली होती. यंत्राचा आकडा जमेना. मीच यार्डावर केला."

"मग बोलला का नाहीत? चार वर्षं?"

"कॉल तुझा होता. तो मी कसा देणार?"

ते उठले, गॅरेजमधून वही घेऊन आले आणि त्या दिवसाचं पान माझ्यासमोर धरलं. तारीख होती. काडतूस होतं. वारा शून्य. कॉल मध्य. लागली खाली. फक्त अंतराचा रकाना कोरा होता. चार वर्षं त्यांनी तो कोरा ठेवला होता.

टेबलावरची पेन्सिल मी त्यांच्यापुढे सरकवली. "चारशे सत्तावन्न," मी म्हटलं. "लिहा, काका. चारशे सत्तावन्न यार्ड."

त्यांनी पेन्सिलीकडे पाहिलं. वही मिटली.

"यू लुक्ड फर्स्ट," ते म्हणाले. माझ्याशी ते इंग्रजीत कधीच बोलत नसत.

या माणसावर मी रागावलो आहे, आणि तो राग जायला तयार नाही. चूक माझी होती, लबाडी माझी होती, सगळं मान्य. पण जनावर मिनिटभरसुद्धा तडफडू नये म्हणून ज्याने चौदा वर्षं एक काडतूस निवडण्यात घालवली, त्याने मला चार वर्षं समोरासमोर जेवायला बसवून तडफडत ठेवलं. एक शब्द बोलले असते तर मी त्यांचे पाय धरले असते. ते रकाना कोरा ठेवून माझ्याकडे बघत राहिले. तपासनीस होते ना. खोट कुठे आहे ते त्यांना माहीत होतं, आणि ती मी स्वतः दाखवतो की नाही एवढंच त्यांना बघायचं होतं. आणि मी त्यांना रंगीत आलेख काढून दिला. त्या आलेखाची आठवण झाली की रागाचं तोंड परत माझ्याकडे वळतं.

दर वर्षी ते पुन्हा अर्ज करतात, काकू सांगतात. पॉइंट शून्यापासून. हिशेबाने नंबर लागेल तेव्हा ते ऐंशीच्या पुढे असतील.

यंदा दिवाळीला मी फोन केला. फ्रीमाँटला सकाळचे आठ, म्हणजे तिकडे अकरा. काकूंनी फराळाचं विचारलं, थंडीचं सांगितलं. मी म्हटलं, "काका आहेत का?"

"आहेत की. थांब, गॅरेजमध्ये नेते फोन." दार उघडल्याचा आवाज आला. मग काकूंचा, थोडा लांबून, "अहो, त्याचा फोन आहे. बोलता का?"

काकू परत फोनवर आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "झोपलेत रे. उठले की सांगते."

त्यांच्या मागे हातयंत्राचे खटके स्पष्ट ऐकू येत होते. दोन खटके, मग जरा थांबून पुन्हा दोन.

"बरं काकू," मी म्हटलं. "झोपू द्या त्यांना."